रक्ताची पिशवी मिळण्याआधी: दात्याचा फॉर्म, तपासण्या आणि मागणीपत्र

डॉक्टरांनी ‘रक्त लागेल’ म्हटलं की आपल्याकडे आधी दात्याची शोधाशोध सुरू होते. पण दात्याचं रक्त घेतलं आणि लगेच रुग्णाला चढवलं, असं होत नाही. रुग्णाला मिळते ती आधी तपासून ठेवलेली पिशवी. म्हणून रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या रक्तकेंद्रात साठा असणं महत्त्वाचं, आणि तो अडीनडीच्या आधीच दिलेल्या रक्तातून होतो.

दात्याचं वय १८ ते ६५ हवं. पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० दिवस, स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. सोबत आधार किंवा दुसरं ओळखपत्र असू द्या आणि उपाशीपोटी जाऊ नका.

यानंतर प्रश्नांचा फॉर्म येतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि शिबिराच्या गर्दीत लोक ती न वाचताच सही करून मोकळे होतात. संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचे काही दिवस तो चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवतं ते तुमचं खरं उत्तर. लावणीच्या दिवसांत ताप आला होता? सांगा. मलेरिया झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने थांबावं लागतं. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी गावातल्या शिबिरात जरूर रक्त द्यावं, पण नवा टॅटू, शस्त्रक्रिया, कावीळ, चालू गोळ्या यांतलं काही लपवू नये. आणि एचआयव्हीची शंका मनात असेल तर तपासणीसाठी म्हणून रक्तदान करू नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते.

पिशवीबरोबरच नमुन्याच्या नळ्याही भरतात. पिशवी, नळ्या आणि फॉर्म, तिन्हींवर एकच क्रमांक. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या देशात सक्तीच्या आहेत. रक्तगटही तपासतात. निकाल येईपर्यंत पिशवी वेगळी ठेवतात. दोष आढळला तर ती नष्ट होते.

आता नातेवाईकांचं काम. डॉक्टरांच्या सहीचं मागणीपत्र आणि रुग्णाचा रक्तनमुना घेऊन रक्तकेंद्रात जायचं. नळीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागणीपत्राशी जुळतो का, हे वॉर्डातून निघण्याआधी स्वतः पाहा. नळ्यांची अदलाबदल झाली तर चुकीच्या गटाचं रक्त चढून जीव जाऊ शकतो. केंद्रात रुग्णाचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. रक्ताची विक्री कायद्याने बंद आहे; पावतीवर दिसतो तो तपासणी आणि प्रक्रियेचा खर्च. थॅलेसेमिया, म्हणजे वारंवार रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार, असलेल्या रुग्णाचं ओळखपत्र असेल तर ते आधीच दाखवा.

राजापूर, मंडणगडसारख्या लांबच्या तालुक्यात रक्त न्यायचं असेल तर केंद्राने सांगितलेली शीतपेटीच वापरा. बर्फ पिशवीला थेट टेकू देऊ नका, पेशी फुटतात. वाटेत कुठे थांबू नका, आणि पोचल्याबरोबर पिशवी घरच्या कुणाकडे न ठेवता थेट नर्सच्या हातात द्या.