दाढ काढल्यावर काय खावं, आणि त्याआधी काय करू नये

दात काढून घरी गेलेल्या पेशंटचा संध्याकाळी फोन येतो, तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा दोनच असतात: "जेवू काय?" आणि "रक्त थांबत नाहीये, काय करू?" दुसऱ्या प्रश्नावर आम्ही विचारतो, चुळा भरल्यात का? उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असतं. म्हणून जेवणाच्या आधी चुळांबद्दल.

दात निघाला की तिथे खड्डा राहतो, त्यात रक्त भरून गोठतं. ही गुठळी म्हणजे गुडघा खरचटल्यावर धरते ती खपलीच. खालचं हाड आणि नसा ती झाकते आणि जखम तिच्याच आधाराने भरते. पण ती ओली आणि नाजूक असते. पहिल्या 24 तासांत जोराने चूळ भरली, खाकरून थुंकलं किंवा स्ट्रॉने काही ओढलं, तर ती निघून येते. थुंकीत रक्त दिसलं की माणूस घाबरून पुन्हा चूळ भरतो, आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी तोंडभर वाटतं. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी असली तर काळजी नको, गिळून टाका.

गुठळी गेली की हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दुखणं उतरायच्या ऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका वाढतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो, साध्या गोळीने भागत नाही. खालच्या दाढांना, त्यातही अक्कलदाढेला, हे जास्त होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणखी जास्त. मग जागा धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते, पुन्हा फेऱ्या होतात, खाडे पडतात.

याचसाठी आमच्याकडे दात काढल्यावर बेसिनवर चूळ भरू देत नाही, आणि कापसाचा बोळा दाबून अर्धा तास बसवून ठेवतो. "डॉक्टर, गाडी चुकेल" म्हणत काहीजण नाराज होतात. पण विरार-बदलापूर लोकलच्या गर्दीत उभं असताना रक्त सुरू झालं, तर माणूस काय करणार? जागा बघून मगच सोडायचं ही आमची पद्धत आहे, ती आम्ही बदलणार नाही.

आता जेवण. भूल उतरेपर्यंत, साधारण दोन ते चार तास, चावून काही खाऊ नका. ओठ-गाल दाताखाली येतात आणि कळतही नाही. लहान मुलं तर ओठ चावून सुजवून घेतात. त्यानंतर मात्र उपाशी राहू नका. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी सोसत नाही, आणि मधुमेह असेल तर जेवण चुकवूच नका.

पहिल्या दिवशी सगळं गार किंवा कोमट: दहीभात, पेज, दुधात कुस्करलेली पोळी, केळं, मऊ शिरा. आईस्क्रीम चालतं, पण साधं, काजू-बदामाचे तुकडे नसलेलं, कपातलं. शहाळ्याचं पाणी उत्तम, फक्त स्ट्रॉ नको. ग्लासात ओतून घ्या. वाफाळता कटिंग त्या दिवशी नको, कोमट होऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरणभात, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा. तिखट बेताचं, आणि चावायचं दुसऱ्या बाजूने.

खरा त्रास बारीक कणांचा. तीळ, शेव, चिवडा, वडापावची सुकी चटणी खड्ड्यात जाऊन बसते. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडीही नको, त्यात दाण्याचं कूट असतं. खीर करा, नाहीतर उकडलेलं रताळं कुस्करून खा. कडक भाकरी, चकली, मटण आठवडाभर थांबू द्या. कण अडकलाच तर टूथपिक घालू नका, लवंगही दाबून ठेवू नका.

चोवीस तास झाले की ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंडात घ्या. मान हळू डावी-उजवीकडे कलवा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्या. खड्ड्यावर पांढरट थर दिसला तर तो बहुधा पू नसतो, भरत आलेली जखम असते, खरवडू नका. तंबाखू, मिश्री, दारू निदान तीन दिवस बंद, पुढे जितकी लांबेल तितकी चांगली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आम्हाला दात काढण्याआधी सांगा.

तिसऱ्या दिवशी जागा दाखवायला या, त्याचे पैसे घेत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात खाली-वर सरकतो, म्हणून ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) की इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) हेही तेव्हा विचारून घ्या. घाई नाही; खर्च लिहून देतो, घरी बोलून ठरवा.

घरी रक्त आलं तर स्वच्छ गॉजची जाड घडी जागेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसा, मधे उघडून बघू नका. तरीही वाहत राहिलं तर रात्र असली तरी फोन करा. सूज वाढून गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल तर आमची वाट बघू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.