रविवारची साप्ताहिक सुट्टी (मुंबईच्या गिरण्या)

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना १० जून १८९० रोजी मान्य झालेली आठवड्याची सुट्टी. तिचे श्रेय प्रामुख्याने नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांना दिले जाते. सरकारी कचेऱ्या मात्र त्याआधीपासूनच रविवारी बंद असत. त्यामुळे ‘भारतात रविवारची सुट्टी लोखंडे यांनी आणली’ हे सर्रास केले जाणारे विधान ढोबळच म्हणावे लागते.

त्या काळी गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर खाडा म्हणजे मजुरीवर पाणी. रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसायला, साफ करायला कामगारांनाच बोलावले जाई. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण फक्त बालकामगारांना.

लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्याने आतला कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र १८८० मध्ये त्यांनी मुंबईत चालवायला घेतले आणि त्यातून गिरणीकामगारांची गाऱ्हाणी मांडली. १८८४ मध्ये त्यांनी सभा भरवून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे (कारखान्यांतील कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीपुढे) ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते.

त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हेच. बळ होते ते सभांचे. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणे केली. त्यानंतर दीड महिन्यात मालकांच्या संघटनेने सुट्टी मान्य केली.

मालक नमले याला आणखी एक बाजू आहे. मुंबईचा स्वस्त माल इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपत होता आणि इथल्या कामाच्या तासांवर कायद्याचा लगाम हवा म्हणून ते विलायतेत जोर लावत होते. १८९० च्या कमिशनच्या कामात लोखंडे यांनाही सहभागी करून घेण्यात आले. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी प्रौढ कामगारांनाही लागू केली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांचे सात तासांवर.