पोट लहान झाले, पाण्याची गरज नव्हे
वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘पोटच लहान झाले, आता पाणीही कमीच लागणार’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. स्लीव्ह या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो, पण शरीराची पाण्याची गरज तशी घटत नाही; उलट जेवणातून मिळणारे पाणी कमी झाल्याने, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ पोटात जायला हवेत. घाईने पेलाभर पाणी प्यायल्यास छातीत दाटून येते, मळमळते, आणि नेमका इथेच रुग्ण धास्तावून पाणी टाळू लागतो. बाटली हाताशी ठेवून दिवसभर एकेक घोट घ्यावा, जेवणानंतर मात्र अर्धा तास थांबावे. लघवी गडद पिवळी होत असेल, उठताना चक्कर येत असेल किंवा घोटभर पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.