१९२२ समिती

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समधील हुजूर पक्षाच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, खासदारांची संघटना. मंत्रिपद नसलेल्या, मागच्या बाकांवर बसणाऱ्या खासदारांचे हे व्यासपीठ. अधिवेशनकाळात तिची बैठक दर आठवड्याला भरते. पक्षनेता आला की सदस्य बाके बडवून त्याचे स्वागत करतात.

नावामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये कार्लटन क्लबातील बैठकीत हुजूर खासदारांनी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आघाडी सरकारची साथ सोडली आणि ते सरकार पडले. समितीचा जन्म त्या बंडातून झाला असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत प्रथमच निवडून आलेल्या खासदारांनी १९२३ मध्ये ती स्थापन केली. संसदेचे कामकाज समजून घ्यावे आणि एकमेकांना साहाय्य करावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे ती सर्व बिनमंत्री खासदारांना खुली झाली.

समितीचे खरे बळ पत्रांत आहे. पक्षनेते विल्यम हेग यांच्या काळात, १९९८ मध्ये, ठरलेल्या नियमांनुसार पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी समितीच्या अध्यक्षांकडे अविश्वासाची पत्रे दिली की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावे लागे. पत्रे किती जमली हे फक्त अध्यक्षांना ठाऊक असते आणि दिलेले पत्र परतही घेता येते. त्यामुळे आकडा पुरा होण्याआधीच नेत्याला घोर लागतो.

२००३ मध्ये पक्षनेते इयन डंकन स्मिथ ७५ विरुद्ध ९० मतांनी हरले. पंतप्रधान थेरेसा मे २०१८ मध्ये २०० विरुद्ध ११७, तर बोरिस जॉन्सन जून २०२२ मध्ये २११ विरुद्ध १४८ मतांनी तरले. मात्र मे यांनी पुढच्या मे महिन्यात आणि जॉन्सन यांनी महिन्याभरातच पद सोडण्याची घोषणा केली. मतदान जिंकूनही शाबूत राहत नाही ती पत, हे या दोन्ही प्रसंगांत दिसले. पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या बाबतीत तर मतदानाची वेळच आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष ग्रॅहम ब्रॅडी यांच्या भेटीनंतर त्यांनी राजीनामा जाहीर केला.

भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. इथल्या वाचकाला या समितीचा दरारा म्हणूनच विशेष वाटतो. २०२४ मध्ये अध्यक्ष झालेले बॉब ब्लॅकमन यांना भारत सरकारने २०२० मध्ये पद्मश्री जाहीर केली होती.