किण्वित वनस्पती तेल-अर्क

ऑलिव्ह, कॅमेलिया, आर्गन, सोयाबीन इ. वनस्पतींच्या तेलांवर यीस्ट किंवा जिवाणू वाढवून, म्हणजे किण्वनाने (आंबवून), मिळणारे आणि त्वचेच्या प्रसाधनांत वापरले जाणारे पदार्थ. व्यापारात या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात : किण्वनाने खोबऱ्यासारख्याच्या दुधातून सुटलेले तेल, तेलापासून यीस्टने बनविलेली ग्लायकोलिपिडे (शर्करा जोडलेले स्निग्ध पदार्थ) आणि किण्वनानंतर गाळून घेतलेला द्रव. त्यांचे गुणधर्म इतके भिन्न आहेत की त्यांचा एकत्र विचार करणे योग्य नव्हे.

पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण नारळाचे. ओल्या खोबऱ्याचे दूध उबदार जागी एक-दोन दिवस ठेवले की लॅक्टिक जिवाणूंमुळे अम्लता वाढते, प्रथिने साकळतात आणि पाणी, चोथा व तेल असे थर वेगळे होतात. कोकणातले आवेल हे याच दुधाचे, पण ते कढवून काढतात. या पद्धतीत किण्वन होते ते दुधाचे. तेलाची घडण फारशी बदलत नाही, त्यातील वसाम्लांपैकी साधारण निम्मे आधीप्रमाणेच लॉरिक अम्ल असते. म्हणून या प्रकाराला किण्वित तेल म्हणणे सैलपणाचे ठरते.

दुसऱ्या प्रकारात तेल हेच यीस्टचे अन्न असते. लायपेज या तेल तोडणाऱ्या एंझाइमामुळे ट्रायग्लिसराइडांची (तेलाच्या मूळ रेणूंची) ग्लिसरॉल व वसाम्ले होतात. यीस्ट वसाम्लांच्या साखळ्या आखूड करून त्या शर्करेला जोडते. यातून मॅनोसिलएरिथ्रिटॉल लिपिडे (एमईएल) बनतात. त्यांच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल दोन मते दिसतात. मक्यावरील काणीच्या बुरशीच्या संवर्धनात पाण्याहून जड असे तेल तळाशी साचते, हे कॅनडात सॅस्कटून येथे १९५० च्या दशकाच्या मध्यास नोंदले गेले. रचना १९७० च्या सुमारास निश्चित झाली. जपानी लेखनात मात्र भर असतो तो १९९० च्या आसपास त्स्कुबा येथे स्यूडोझायमा यीस्टवर सुरू झालेल्या कामावर. पदार्थाचा शोध कॅनडाचा आणि प्रसाधनातील उपयोग जपानचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उत्पादन २००५ मध्ये लिटरमागे १६५ ग्रॅमपर्यंत गेल्याची नोंद आहे. रेणूला जोडलेल्या अ‍ॅसिटिल गटांच्या (दोन कार्बनांच्या लहान तुकड्यांच्या) संख्येवरून व जागेवरून ए, बी, सी व डी असे भेद मानतात. प्रसाधनांत मुख्यतः बी वापरतात, कारण ते पाण्यात स्तरित द्रव-स्फटिक (थरांची नियमित मांडणी असलेला द्रव) बनवते. त्वचेच्या बाह्य थरातील सिरॅमाइडांची (त्वचेतील स्निग्ध द्रव्यांची) मांडणीही स्तरितच असते. साबणद्रव्याने इजा झालेल्या संवर्धित मानवी त्वचा-पेशी एमईएलमुळे सावरल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष त्वचेवरील चाचण्या बहुतेक अल्पकालीन व मोजक्या लोकांवरच्या आहेत.

याच, म्हणजे ग्लायकोलिपिडांच्या, कुळातील सोफोरोलिपिडे कॅनडाच्या गोरिन, स्पेन्सर व टुलॉक यांनी १९६१ मध्ये वर्णिली. त्यांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतही संशोधन झाले आहे, ही मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी बाब.

तिसरा प्रकार बाटलीवरील घटकांच्या यादीत ‘स्यूडोझायमा एपिकोला/कॅमेलिया जॅपोनिका सीड ऑइल फर्मेंट एक्स्ट्रॅक्ट फिल्ट्रेट’ अशा लांबलचक नावाने येतो. आधी सूक्ष्मजीव, मग त्याचे अन्न, शेवटी प्रक्रिया, असा हा क्रम. नावात तेल असले तरी गाळलेल्या द्रवात ते शिल्लक असेलच असे नाही. एक टक्क्याहून कमी असलेले घटक युरोपीय नियमांनुसार कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे यादीतील स्थानावरून प्रमाणाचा अंदाज बांधताना जपावे.

किण्वनात सुटलेली वसाम्ले पूर्णपणे काढली नसतील तर एक अडचण संभवते. डोक्यातील कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया यीस्टला स्वतःची वसाम्ले बनवता येत नाहीत, ते ती त्वचेवरून घेते. ११ ते २४ कार्बनांच्या साखळ्या त्याला विशेष मानवतात. कोंडा किंवा या यीस्टमुळे येणाऱ्या पुटकुळ्या असणाऱ्यांनी असे अर्क आधी थोड्या जागी लावून पाहावेत.