सोर्स कोडमधील शोध

मुक्त सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमधून आणि डॉक्युमेंटेशनमधून हवी ती ओळ, फंक्शन किंवा सेटिंग हुडकून काढण्याच्या कामाला कोड सर्च म्हणतात. मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या तोंडी मात्र ‘ग्रेप मारणे’ हाच शब्द असतो, मग साधन कोणतेही असो. बंद सॉफ्टवेअर अडले की कंपनीला तिकीट टाकून वाट पाहायची. इथे कोड उघडून पाहायला कोणाची ना नाही, फक्त कुठे उघडायचा ते कळले पाहिजे. एकट्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काही कोटी ओळी आहेत.

ग्रेप हा फाइलींतून दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधून दाखवणारा प्रोग्राम केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत लिहिला आणि १९७३ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो आला. ‘एड’ या जुन्या एडिटरमधल्या एका आज्ञेवरून त्याला हे नाव पडले. पवईच्या आयआयटीतून चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. २०१६ मध्ये आलेला रस्ट भाषेतला रिपग्रेप पुष्कळ वेगवान आहे, पण कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला वगळायला सांगितलेल्या फाइली तोही गुपचूप वगळतो. ‘सापडत नाही’ म्हणून डोके धरून बसलेल्यांपैकी बरेच जण इथेच फसलेले असतात.

ग्रेप प्रत्येक फाइल पहिल्यापासून वाचतो. एका प्रकल्पाला ते चालते, हजारो प्रकल्पांत शोधायचे तर आधी सूची बांधावी लागते. गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू केलेली कोड सर्च सेवा जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. ती बांधणाऱ्या रस कॉक्स यांनी त्याच महिन्यात तिची युक्ती लिहून काढली आणि त्या युक्तीवर चालणारा नवा कोडही खुला केला. युक्ती अशी: मजकुराची तीन-तीन अक्षरांची त्रिकुटे पाडायची आणि कोणते त्रिकूट कोणत्या फाइलीत आहे ते नोंदवायचे. रोमन लिपीतल्या ‘पासवर्ड’ शब्दाच्या आठ अक्षरांतून सहा त्रिकुटे निघतात. सहाही ज्यात आहेत तेवढ्याच फाइली उघडून पाहायच्या. त्याच वर्षी सुरू झालेला डेबियन कोड सर्च याच कल्पनेवर उभा राहिला. देवनागरीचे मात्र इथे नुकसान होते. ही त्रिकुटे खरे तर बाइटांची असतात आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्हच तीन बाइट खाते. त्यामुळे रोमनमध्ये तीन अक्षरे सांगणारे त्रिकूट मराठीत जेमतेम एका चिन्हाची खबर देते.

मोठ्या प्रकल्पांची शोधाची स्वतःची दारे आहेत. फायरफॉक्ससाठी सर्चफॉक्स, लिब्रेऑफिससाठी मूळ सन कंपनीत जन्मलेले ओपनग्रोक, कर्नलसाठी आवृत्ती निवडून पाहता येणारे एलिक्सर. प्रकल्पांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या साइटचा नवा कोड सर्च मे २०२३ पासून सर्वांना खुला झाला. त्याला लॉगिन लागते आणि तो फक्त मुख्य ब्रँच, म्हणजे कोडची मुख्य शाखा, पाहतो. जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्याने ती क्लोन करून, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवून, घरीच ग्रेप मारावा. लोकलमध्ये रेंज गेली तरी तो चालतो, हा वरचा फायदा.

खरे कसब साधनात नाही, काय शोधायचे ते ठरवण्यात आहे. मुंबईत घडलेले, धंद्याचे हिशेब आणि बिले सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट घ्या. मशीद बंदरच्या एखाद्या पेढीत बिल करताना पडद्यावर ‘सेल्स इन्व्हॉइससाठी परवानगी नाही’ असे काही इंग्रजीत उमटते. ते वाक्य जसेच्या तसे शोधले तर हाती शून्य, कारण कोडमध्ये ‘सेल्स इन्व्हॉइस’च्या जागी महिरपी कंसातले शून्य असते आणि नाव प्रोग्राम चालताना भरले जाते. बदलता भाग काढून उरलेले दोन-तीन शब्द टाकावेत. तरीही ईआरपीनेक्स्टच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, काही मिळेलच असे नाही. परवानग्यांची तपासणी त्याच्या पायाखालच्या फ्रॅपे या चौकटीत होते आणि तिची रिपॉझिटरी वेगळी आहे. नवखा माणूस एकाच घरात शोधत राहतो, चोर मात्र शेजारच्या वाड्यात.

डॉक्युमेंटेशन आधी वाचावे, पण पानाच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा पाहूनच. गूगलवर वर येणारे पान बऱ्याचदा तीन आवृत्त्या मागचे असते. प्रकल्पातल्या टेस्टच्या फाइली हे त्याहून खरे डॉक्युमेंटेशन, कारण फंक्शन कसे हाकायचे ते तिथे चालत्या उदाहरणात दिसते. पूर्वी असलेली आणि आता गायब झालेली ओळ हवी असेल तर गिट लॉगचा ‘पिकॅक्स’ पर्याय ती कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली आणि कोणत्या कमिटमध्ये गेली ते सांगतो.

सॉफ्टवेअर मराठीत चालवणाऱ्याला एक पायरी जास्त चढावी लागते. पडद्यावरची मराठी सूचना कोडमध्ये नसते, ती भाषांतराच्या पीओ फाइलीत असते. तिथे मराठी वाक्याच्या वर मूळ इंग्रजी वाक्य आणि बहुधा त्याच्याही वर सोर्स फाइलीचे नाव व ओळ क्रमांक असतो. क्रमांक शिळा झालेला असू शकतो, फाइलीचे नाव सहसा बरोबर निघते. टर्मिनलवरच्या प्रोग्रामला सोपी पळवाट आहे: भाषेचे सेटिंग तात्पुरते ‘सी’ करून तीच कृती पुन्हा करायची, म्हणजे सूचना थेट इंग्रजीत येते.

पण त्या पीओ फाइलीतही मराठी शब्द पहिल्या फटक्यात सापडेल याची खात्री नाही. ‘ॲप’मधला ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक यादीत २००८ साली आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक भाषांतरांत अ वर चंद्र देऊन काम भागवलेले आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, ग्रेपला वेगळे. ‘दुसऱ्या’ तर त्याहून अवघड. त्यातला अर्धा र कोणी ऱ वापरून लिहितो, कोणी साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. एकाच अक्षराची वेगळी लेखने एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या सामान्यीकरणानेही हे दोन प्रकार एक होत नाहीत. म्हणून भाषांतराचे काम करणारे पूर्ण शब्द टाकायच्या भानगडीत पडत नाहीत. ‘दुस’ आणि ‘या’ यांच्यामध्ये काहीही चालेल असा साचा देतात आणि आलेल्या ओळी डोळ्यांनी निवडतात.