पातळ पोटाची गिटार आणि ‘सेमी’ नावाचा घोळ

दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या पिकअपवाल्या (म्हणजे तारांची थरथर विजेत बदलून स्पीकरकडे पाठवणारा तुकडा बसवलेल्या) अकूस्टिक गिटारी समोरून सारख्याच दिसतात. कडेने पाहिलं की फरक कळतो. नेहमीच्या ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाच्या गिटारच्या पोटाची खोली मानेकडे साधारण १०० मिलिमीटर असते आणि बुडाकडे १२०च्या आसपास जाते. यामाहाच्या एपीएक्स ६००ची ८० ते ९०. या दोन-तीन सेंटिमीटरांवरून वादकांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एका पक्षाला पातळ पोटाची ही स्टेजवरची सर्वांत सोयीची गिटार वाटते, तर दुसऱ्याला तिचा आवाज खोक्याला रबरबँड ताणल्यासारखा वाटतो.

जाड पोट आलं कुठून, ते थोडक्यात. ड्रेडनॉटचा आकार १९१६ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका संगीत प्रकाशकासाठी बनवला गेला, नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलं आणि १९३१पासून मार्टिन या मूळ कारखान्याने तो स्वतःच्या शिक्क्याने विकायला घेतला. माईक सगळीकडे पोचला नव्हता, तेव्हा बँजो-फिडलच्या गलक्यात गिटार ऐकू यायची तर ती मोठीच हवी होती.

मोठ्या पोटाचा संबंध मुख्यतः खर्जाशी आहे. नळाखाली तांब्या भरताना आवाज वर वर चढत जातो, कारण आतली हवा कमी होत जाते. गिटारचं पोट आणि त्याचं गोल भोक यांचंही तेच. ड्रेडनॉटच्या आतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणून खालच्या सुरांना भरदारपणा येतो. भोक तेच ठेवून हवा एक पंचमांश कमी केली, तर हिशेबाने ते घुमणं सुमारे १२ टक्के वर सरकतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘सा’चा ‘रे’ होतो. खर्ज सुकतो, मधले सूर पुढे येतात.

मग कुणी मुद्दाम पोट कमी का करेल? उत्तर आहे फीडबॅक. स्पीकरचा आवाज भोकातून आत शिरतो, आतली हवा घुमते, वरची फळी थरथरते, पिकअप ती थरथर उचलून पुन्हा स्पीकरला देतो आणि सगळ्या हॉलभर ‘हूंऽऽ’ सुरू होतं. साउंडवाला आधी गिटारवाल्याकडे बघतो, गिटारवाला साउंडवाल्याकडे. १९५४च्या गिब्सन जे-१६०ईमध्ये यावर उपाय म्हणून वरची फळी प्लायवुडची आणि आतल्या पट्ट्या शिडीसारख्या आडव्या केल्या होत्या, म्हणजे आवाजाचा गळा थोडा आवळूनच ती विकली गेली. तरी १९६४ साली लिव्हरपूलच्या त्या चौघांनी, म्हणजे बीटल्सनी, याच गिटारच्या फीडबॅकने एक गाणं सुरू केलं, तो भाग वेगळा.

१९६६ साली कनेटिकटमध्ये हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एका उद्योजकाने लाकडी पाठ काढून टाकली आणि तिथे काचतंतूंच्या कंपोझिटचं वाडगं बसवलं. ही ओव्हेशन. ७०च्या दशकात तिच्या घोडीखाली पिझो (दाबातून वीज निर्माण करणारा) पिकअप बसला आणि स्टेजवरच्या अकूस्टिक गिटारचा चेहराच बदलला. पुढे तिची उथळ वाडगी निघाली, ती उभं राहून वाजवणाऱ्यांना आवडली. मांडीवरून मात्र ती घसरते, ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. १९८२ साली नॅशव्हिलच्या एका नावाजलेल्या वादकाच्या नावाने नायलॉन तारांची जवळजवळ भरीव गिटार आली. तिथे पोटाचा प्रश्नच मिटवून टाकला होता.

उथळ पोटाला घराघरात नेलं ते यामाहाच्या १९८७च्या एपीएक्स मालिकेने. ही मुळातच स्टेजसाठी आखलेली होती. अंग पातळ, वरचे पडदे गाठता यावेत म्हणून खांद्याला खाच, मान सडपातळ, कडेला प्रीॲम्प, म्हणजे पिकअपचा क्षीण आवाज उचलून धरणारं सर्किट. इलेक्ट्रिक वाजवणारा माणूस गाण्याच्या मध्ये गिटार बदलतो, त्याला हात परका वाटू नये हा हिशोब. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकन टीव्हीवर ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमांची लाट आली, आणि वायर काढल्याच्या नावाखाली चाललेल्या त्या मैफलींत पुष्कळ गिटारींना वायर होतीच.

आता त्या शब्दाकडे. आपल्याकडे दुकानदार, क्लासवाले, ऑर्केस्ट्रातले वादक सगळे पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारला ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणतात. ‘साधी हवी की सेमी?’ हा काउंटरवरचा पहिला प्रश्न. बाहेरच्या जगात मात्र या शब्दाचं घराणं वेगळं आहे. तिथे सेमी-अकूस्टिक म्हणजे मुळात इलेक्ट्रिकच गिटार, फक्त आतून पोकळ किंवा अर्धवट पोकळ. गिब्सनची १९५८ची ईएस-३३५ हे त्याचं ठळक उदाहरण. मधोमध मेपलचा ठोकळा, दोन बाजूंना पोकळ पंख, ‘एफ’ आकाराची भोकं, चुंबकीय पिकअप. ॲम्पशिवाय ती जेमतेम कुजबुजते.

गोंधळ इथे थांबला असता तर बरं. ‘थिनलाइन’ हा शब्दही आधी त्याच घराण्यात, १९५५च्या सुमारास, पातळ केलेल्या पोकळ इलेक्ट्रिक गिटारींसाठी आला. पुढे तो उचलून एपीएक्ससारख्या अकूस्टिकना चिकटवला गेला. दोन्ही घराणी पातळ झाली, पण विरुद्ध टोकांकडून. एकीने इलेक्ट्रिकच्या पोटात हवा ठेवली, दुसरीने अकूस्टिकच्या पोटातली हवा काढली. इंटरनेटवर ‘सेमी-अकूस्टिक’ शोधलं की दोघी एकाच पानावर शेजारी येतात, आणि पहिली गिटार घ्यायला निघालेल्या पोराचा गोंधळ होतो तो इथेच.

शुद्धतावादी मंडळी आपल्या वापराला सरळ चूक म्हणतात. तितकं कडक व्हायची गरज मला वाटत नाही. इतक्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळत असेल तर तो शब्द आहे. खटकतं ते त्यातलं ‘सेमी’. ऐकणाऱ्याला वाटतं, अर्धी ही, अर्धी ती, म्हणजे एका पैशात दोन्ही. ड्रेडनॉटला पिकअप लावला तर ते बरंचसं खरंही आहे; वायर काढा, आवाजात काही कमी होत नाही. उथळ गिटारचं तसं नाही. ती आखली आहे वायरसाठी, आणि वायरविना तिचा खर्ज उपाशीच राहतो. ‘सेमी’ म्हणून घेतलेली अशी गिटार मग घरात वर्षभर ॲम्पशिवाय वाजते आणि मित्राच्या साध्या, स्वस्त ड्रेडनॉटपुढे किरटी वाटते. दोष गिटारचा नसतो.

स्टेजवर हाच उणेपणा कामाला येतो. भावगीतांच्या कार्यक्रमात तबल्याचा डग्गा आणि बेस गिटार खर्जाची जागा आधीच अडवून बसलेले असतात. साउंडवाला गिटारचा खालचा भाग तसाही कापतो. जाड पोटाने जे कमावलेलं असतं ते मिक्सरवर फेकून दिलं जातं, उथळ गिटार ते मुळात आणतच नाही. उभं राहून तीन तास वाजवणाऱ्याचा उजवा खांदा वर उचललेला राहत नाही, हा फायदा वेगळा. खाली मांडी घालून बसणाऱ्यालाही ती दंडाखाली नीट बसते. फीडबॅक मात्र पूर्ण जात नाही. मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, अगदी समोर आला की तीही बोंबलते. भोकावर बसवायचं रबरी झाकण दोघींच्याही बॅगेत असतं.

पिझोचा तो प्लास्टिकसारखा ‘क्वॅक’ हे जुनं दुखणं गेल्या काही वर्षांत इम्पल्स रिस्पॉन्सच्या पेडलने बरंच कमी केलं आहे. चांगल्या गिटारचा माईकवर टिपलेला आवाज आणि तिच्याच पिकअपचा आवाज यांतला फरक मोजून ठेवायचा आणि तो आपल्या पिकअपच्या आवाजावर चढवायचा, अशी ती युक्ती. २०१९मध्ये टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या आकाराची एक अकूस्टिक निघाली, तिने हेच तंत्र गिटारच्याच पोटात बसवलं आणि वेगवेगळ्या लाकडांचे, आकारांचे आवाज एका स्विचवर आणून ठेवले. त्या यादीत ड्रेडनॉट आहेच.